शिकणाऱ्या शिक्षकाचा गोतावळा : प्रस्तावना

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या शाळेसाठी, पट साठपर्यंत असेल तर, दोन शिक्षक असे प्रमाण दिले आहे. महाराष्ट्रातल्या वाड्यावस्त्यांवरच्या असंख्य शाळा या प्रमाणात बसतात. पाच इयत्ता आणि दोन शिक्षक. त्यांतला एक जण तालुक्याला बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की दुसरा एकटा उरतो. डी.एल.एड. करून नुकतीच नेमणूक मिळालेली तरुण मुलगी अशा शाळेत रुजू होते, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिच्यापुढे प्रश्नांची रांग लागते. तिसरीतला मुलगा सुटी जोडाक्षरे ओळखतो, पण वाक्यात तीच आली की अडखळतो. असे का होते? हातच्याच्या वजाबाकीचे उत्तर बरोबर आले, पण मुलाला ती खरोखर कळली आहे का, हे कसे ओळखायचे? दुसरीला कोणते काम दिले म्हणजे पहिलीच्या मुलांजवळ अर्धा तास शांतपणे बसता येईल? पदविकेच्या पुस्तकांत यांतल्या काहींची उत्तरे असतातही. पण ती या मुलाला, या गावात कशी लागू करायची हे सांगणारे जवळ कोणी नसते.

हे पुस्तक त्या मुलीसाठी आहे. तिने ते नेमणुकीची वाट न पाहता, अजून छात्राध्यापिका असतानाच वाचावे, अशी आमची इच्छा आहे.

शिक्षकाने स्वतःच्या शिकण्यासाठी जाणीवपूर्वक जोडलेली माणसे आणि त्या माणसांमार्फत आपल्यापर्यंत पोचणारी पुस्तके, मासिके, संस्था व शाळा हा या पुस्तकाचा विषय. शिक्षणशास्त्रात याला अलीकडे ‘पर्सनल लर्निंग नेटवर्क’ म्हणतात. आम्ही गोतावळा म्हटले आहे. हा गोतावळा कोणी नेमून देत नाही. प्रशिक्षणाचा आदेश निघतो, केंद्रशाळा ठरलेली असते, वरिष्ठही ठरलेले असतात. आपल्या वर्गातला अडलेला प्रश्न कोणापुढे ठेवायचा, हे मात्र ज्याचे त्यानेच शोधायचे असते.

शिक्षकाचा एकटेपणा फक्त दुर्गम भागापुरता नाही. डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली ‘स्कूलटीचर’ या ग्रंथात दाखवले की शहरातल्या भरल्या शाळेतही शिक्षक आपापल्या वर्गाच्या चार भिंतींत एकटेच काम करतात. त्याचे दुसरे निरीक्षण आपल्याला अधिक महत्त्वाचे वाटते. शिक्षक होऊ पाहणाऱ्या तरुणाने विद्यार्थी म्हणून तोवर सुमारे तेरा हजार तास शिक्षकांना शिकवताना पाहिलेले असते. पण ते सगळे बाकावर बसून पाहिलेले. बाईंनी हेच उदाहरण का निवडले, कोणाला मुद्दाम विचारले नाही, घरी जाऊन काय तयारी केली, हे त्याला कधी दिसलेले नसते. मग पहिल्या वर्गात उभे राहिल्यावर तो आपल्या शिक्षकांचे हावभाव उचलतो, त्यांच्यासारखाच फळा भरतो आणि त्यांच्यासारखाच ओरडतोही. या नकळत उचललेल्या सवयी एकट्याने सुटत नाहीत. दुसऱ्याचा वर्ग जवळून पाहिला आणि आपला वर्ग कोणाला दाखवला, तरच त्या लक्षात येतात.

आपल्याकडे ही गरज पहिल्यापासून ओळखली गेली होती. १८४८ साली भिडेवाड्यातल्या शाळेपासून सावित्रीबाई फुले यांचे काम सुरू झाले. १८५६ मध्ये आजारपणामुळे त्या माहेरी, नायगावला होत्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांना आपली सहशिक्षिका फातिमा हिची आठवण होते: आपल्या गैरहजेरीत तिच्यावर किती ओझे पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. मराठी शाळेच्या इतिहासात सहशिक्षिकेविषयी इतक्या आपुलकीने लिहिलेला याहून जुना मजकूर आमच्या वाचनात नाही. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ‘शालापत्रक’ चालवले. गावोगावच्या पंतोजींच्या हातात एकच नियतकालिक पडत होते. कधीही न भेटलेली ही माणसे त्या निमित्ताने एका व्यवसायाची झाली.

पण गोतावळा म्हणजे काय हे समजून घ्यायचे असेल, तर भावनगर ते कोसबाड हा प्रवास पाहावा. गिजुभाई बधेका मूळचे वकील. मुलाच्या शिक्षणाच्या काळजीतून त्यांच्या हाती मारिया मॉन्टेसरींचे लेखन आले, वकिली मागे पडली आणि १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर उभे राहिले. मुंबईत जन्मलेल्या, राजकोटच्या बार्टन कॉलेजात मुख्य असलेल्या ताराबाई मोडक हे काम ऐकून तिथे दाखल झाल्या. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला, ‘शिक्षणपत्रिका’ चालवली. गुजरातीतला विचार ताराबाईंमुळे मराठीत आला. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि तिथे अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. अनुताई प्राथमिक शिक्षिका होत्या. बालशिक्षण त्या ताराबाईंच्या शेजारी उभ्या राहून शिकल्या. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. इथे इटलीहून निघालेल्या कल्पनेला वारली मुलांची गाठ पडली. महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पाने, दगड ही साधने झाली. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणावर गेली.

या साखळीत रोमचे एक पुस्तक, भावनगरचा एक वकील, मुंबईची एक पदवीधर बाई आणि मोरगावात जन्मलेली एक शिक्षिका आहेत. एकाने दुसऱ्याकडून नुसते घेतले असते, तर कोसबाडला मॉन्टेसरीची फिकी नक्कल उभी राहिली असती. प्रत्येकाने घेतलेले आपल्या मुलांवर पारखले, बदलले आणि पुढे दिले. या पुस्तकातली आमची भूमिका याच ठिकाणाहून आलेली आहे. आपल्या वर्गात करून पाहिलेले आणि प्रामाणिकपणे नोंदवलेले काही हातात असेल, तरच शिक्षकाला गोतावळ्यात देण्यासारखे काही असते. आणि जो देतो त्यालाच नेमके उत्तर मिळते.

दुसरे उदाहरण मध्य प्रदेशातले. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ सुट्टीत तिथे येत आणि गावातल्या शिक्षकांबरोबर बसून प्रयोग करत. पुढे सगळ्या जिल्ह्यात पसरलेल्या या कार्यक्रमाचा कणा होता शिक्षकांची मासिक गोष्ठी. महिनाभरात वर्गात कोणता प्रयोग फसला, मुलांनी काय विचारले, हे शिक्षक तिथे मांडत आणि त्यावरून ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकातले धडे बदलले जात. खेड्यातल्या उच्च प्राथमिक शाळेतल्या मास्तरांच्या सांगण्यावरून सरकारी शाळांचे पुस्तक बदलते, ही गोष्ट आजही विरळाच. मुलांना प्रश्न विचारायला ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. त्याच्या नावाने पत्रे येत आणि उत्तरेही जात. पुण्यात टेल्कोत काम करणारे अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन तिथे गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी काड्यापेटीच्या काड्या जोडून आकार करण्याची युक्ती तिथेच त्यांना सुचली. पुढे त्यांच्या संकेतस्थळावरून मराठीसह अनेक भाषांतली पुस्तके शिक्षकांना मोफत मिळू लागली. १९८२ पासून एकलव्य संस्थेने सांभाळलेला हा कार्यक्रम २००२ मध्ये शासनाने बंद केला. त्यातून जोडलेली माणसे मात्र आजही एकमेकांना विचारून काम करतात, आणि पुण्याहून निघणारे ‘शैक्षणिक संदर्भ’ हे द्वैमासिक त्याच नात्यातले आहे.

सरकारी व्यवस्थेनेही हे ओळखले नव्हते असे नाही. जे. पी. नाईक सदस्य-सचिव असलेल्या कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शाळासंकुलाची कल्पना मांडली: माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळांनी साधने आणि माणसे वाटून घ्यावीत. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले, केंद्राची शिक्षण परिषद सुरू झाली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात संकुले पुन्हा आली आहेत, आणि प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षाही. रचना चांगली आहे. पण शिक्षण परिषदेतला अर्धा दिवस परिपत्रके वाचण्यात आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या सूचनांत गेला, तर वर्गातला प्रश्न तिथे निघतच नाही. जिथे केंद्रप्रमुखांनी एका शिक्षकाचा पाठ सगळ्यांनी पाहायचा आणि मग त्यावर बोलायचे अशी शिस्त लावली, तिथे तीच परिषद शिक्षकांना हवीहवीशी वाटते. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटने हे मोठ्या प्रमाणावर दाखवले. तिथल्या जिल्हा परिषद शाळांत जमिनीवर आखलेली अक्षरे-अंक, खडे-काड्यांनी गणित करणारी मुले पाहायला राज्यभरातून शिक्षक आले आणि २०१५ मधल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात त्या भेटींना वेग आला. काहींनी परतल्यावर फक्त फरशा रंगवल्या. काहींनी मात्र तिथल्या शिक्षिकांशी बोलणे चालू ठेवले आणि मुले खरोखर वाचू लागेपर्यंत पाठपुरावा केला. भेट आणि नाते यांत इतके अंतर असते.

विचारांच्या बाजूने पाहिले तर या क्षेत्रात दोन प्रवाह आहेत. पहिला, काम करणाऱ्यांच्या सोबतीने शिकण्याचा. जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी १९९१ च्या पुस्तकात लायबेरियातल्या शिंप्यांचे उदाहरण घेतले. शिकाऊ मुलगा आधी तयार कपड्याची बटणे आणि दुमड करतो, मग शिवण, सगळ्यांत शेवटी कापणी. काम करणाऱ्यांच्या घोळक्यात कडेने शिरत तो मध्यापर्यंत जातो. छात्राध्यापकाच्या आंतरवासितेला याहून चांगला आराखडा आम्हाला माहीत नाही. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२० च्या दशकात वर्गात छापखाना आणला, दूरच्या शाळांतल्या मुलांची एकमेकांना पत्रे सुरू केली आणि त्यातून शिक्षकांची सहकारी चळवळ उभी राहिली. जपानमधल्या शिक्षकांची पाठ-अभ्यासाची परंपरा तर याहूनही जुनी: अनेक जण मिळून एक पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांकडे पाहतात आणि नंतर चर्चा पाठाची होते, शिकवणाऱ्याची नाही. इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी शिक्षकाला स्वतःच्या वर्गाचा संशोधक मानले.

दुसरा प्रवाह तंत्रज्ञानाचा. इव्हान इलिच यांनी १९७१ सालीच कल्पना मांडली होती की कोणीही आपले नाव आणि आपल्याला काय शिकायचे आहे हे संगणकाला कळवावे आणि त्याच विषयाची ओढ असलेल्यांचे पत्ते मिळवावेत. जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी २००५ च्या सुमारास, शिकणे म्हणजे जोडण्या निर्माण करणे, असा सिद्धान्त मांडला. २००८ मध्ये मॅनिटोबा विद्यापीठातल्या त्यांच्या अभ्यासक्रमाला फी भरणारे जेमतेम पंचवीस होते, पण बाहेरून सामील झालेले दोन हजारांहून अधिक. मोबाईलच्या काळात हा प्रवाह साहजिकच वरचढ ठरला. आम्हाला तो अपुरा वाटतो. जोडणी झाली म्हणजे शिकणे झाले, असे आमच्या अनुभवाला येत नाही. त्यापेक्षा मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा एक निष्कर्ष शिक्षकाला अधिक उपयोगी आहे: नवी माहिती बहुतेक वेळा जिवलगांकडून येत नाही, तोंडओळखीच्या माणसांकडून येते, कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही असतेच. एकाच अध्यापक विद्यालयातले मित्र आधार देतील. नवा विचार मिळायला वेगळ्या जिल्ह्यातला, वेगळ्या माध्यमाचा, वेगळ्या पिढीचा माणूस ओळखीचा हवा.

हा विषय आजच तातडीचा का? एक कारण चांगले आहे. २०१४ च्या नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतल्या अनुभवाला किमान वीस आठवडे मिळाले. पूर्वीच्या मोजक्या सराव पाठांपुढे हा काळ मोठा आहे. तो टाचणे उतरवण्यात आणि निरीक्षण वहीवर सह्या गोळा करण्यात जाऊ शकतो, किंवा आयुष्यभर साथ देणारी चार माणसे त्यात मिळू शकतात.

दुसरे कारण वेदनेचे आहे. पदविका किंवा पदवी हातात पडल्यापासून नेमणूक मिळेपर्यंत आपल्याकडे वर्षे जातात. टीईटी, अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टलवरची प्रतीक्षा. या काळात हजारो मुलेमुली स्पर्धेची पुस्तके घोकतात, कोणी शिकवणी घेतात, कोणी दुकानात काम करतात. त्यांच्यातला परीक्षार्थी तगतो. शिक्षक मात्र हळूहळू सुटत जातो. या वाट पाहणाऱ्यांचा आम्ही मुद्दाम विचार केला आहे. गावातल्या शाळेत आठवड्याला एक तास गोष्टी सांगायला जाणे, पालघरच्या सोनाळे इथल्या क्वेस्टसारख्या किंवा फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेसारख्या ठिकाणचे काम जाऊन पाहणे, ‘पालकनीती’ वाचून त्यातल्या लेखकाला पत्र लिहिणे, यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या शिक्षण विकास मंचासारख्या व्यासपीठांवरच्या चर्चा ऐकणे, हे सगळे नेमणुकीशिवाय करता येते.

तिसरे कारण रोज आपल्या हातात असते. बहुतेक शिक्षक कितीतरी व्हॉट्सॲप गटांत असतात. सकाळी सुविचार, दुपारी आदेश, रात्री तयार टाचणांच्या फाइली. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन मागाल त्या घटकाचे टाचण क्षणात लिहून देते. साहित्याची टंचाई संपली आहे. तुमच्या वर्गातली कोकणी किंवा पावरी बोलणारी मुलगी त्या साहित्यापुढे गप्प का बसते, हे मात्र ते साहित्य सांगू शकत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावला नेमणूक झालेल्या सातारच्या शिक्षकाने पहिली ओळख पाड्यावरच्या अंगणवाडी सेविकेशी करून घ्यावी, असे आम्ही म्हणतो. मुलांची भाषा, घरची कामे, सणांचे दिवस, कोण कोणाशेजारी बसायला बिचकते, हे तिला माहीत असते. गोतावळ्याची कोणतीही यादी गावापासून सुरू झाली पाहिजे. दूरची माणसे मग.

दूरच्या माणसांशी नाते कसे असावे, याचे एक उदाहरण आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, तेव्हा दहा लाख डॉलरपैकी अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. पाठ्यपुस्तकांत त्यांनी वापरलेल्या क्यूआर कोडविषयी पुष्कळ लिहिले गेले. आम्हाला त्या वाटपाचे मोल जास्त वाटते. जगाच्या वेगवेगळ्या देशांतल्या नऊ शिक्षकांना त्यांनी स्पर्धक न मानता सहकारी मानले.

या विषयातले धोकेही पुस्तकात स्पष्ट मांडले आहेत. मुलांचे चेहरे, नावे, आजार, घरची परिस्थिती हे गटांवर टाकण्याचा शिक्षकाला अधिकार नाही, मग हेतू कितीही चांगला असो. प्रश्न मांडताना मूल ओळखू येणार नाही अशा रीतीने लिहिणे ही शिकण्याची कला आहे, आणि ती छात्राध्यापकाला प्रशिक्षणातच शिकवली पाहिजे. ज्या गटात वरिष्ठ आहेत तिथे कोणी आपले अपयश लिहिणार नाही, हेही मान्य करायला हवे. म्हणून एक लहान, खासगी वर्तुळ वेगळे असावे: तीन-चार जण, जे एकमेकांचे वर्ग प्रत्यक्ष पाहतात. आमच्या मते गोतावळ्याची कसोटी एकच आहे: गेल्या महिन्यात कोणी तुमचा वर्ग पाहिला का, आणि तुम्ही कोणाचा पाहिला का?

या संग्रहात वेगवेगळ्या भागांतल्या शिक्षकांनी आपला गोतावळा कसा जमला हे लिहिले आहे. काही लेख इतिहासाचे आहेत, काही पत्रे आहेत, काही वर्गातल्या नोंदी जशाच्या तशा छापल्या आहेत. त्यांत एकमत नाही, आणि आम्ही ते घडवूनही आणलेले नाही. तंत्रज्ञानावर विश्वास असलेल्या लेखकाच्या शेजारी फोन बंद ठेवून महिन्यातून एकदा भेटणाऱ्यांचा लेख आहे. दहा पायऱ्यांत नेटवर्क उभारा असे सांगणारे प्रकरण मात्र सापडणार नाही; तसे ते उभे राहत नाही. प्रत्येक लेखकाला एकच विनंती केली होती: कोणता प्रश्न होता, तो कोणाकडे नेला, त्यानंतर वर्गात काय बदलले, एवढे नेमके लिहा. शेवटच्या भागाची उत्तरे काही ठिकाणी ‘फारसे काही नाही’ अशी आली. तीही तशीच ठेवली आहेत.

अध्यापक विद्यालयांतल्या प्राध्यापकांना एक सांगणे आहे. हे पुस्तक परीक्षेला लावू नका. आंतरवासितेच्या काळात दर शनिवारी तासभर विद्यार्थ्यांना गोल बसवून त्यातली एखादी नोंद वाचा आणि मग त्यांच्या नोंदी ऐका.

आणि शिक्षक होऊ घातलेल्या वाचक मित्रमैत्रिणींनो, तुमच्यासाठी या पुस्तकाची शेवटची चार पाने कोरी सोडली आहेत. या आठवड्यात तुम्ही पाहिलेल्या एका मुलाविषयीचा, तुम्हाला खरोखर न सुटलेला एक प्रश्न तिथे लिहा. मुलाचे नाव लिहू नका. मग ज्यांना तो विचारता येईल अशा दोन माणसांची नावे लिहा, एक ओळखीचे आणि एक अजून न भेटलेले, आणि पुढचे प्रकरण वाचण्याआधी त्या दुसऱ्या माणसाला पत्र पाठवा.